आधी वाकळ टांगा, मग फोन सुरू करा

मी नवी मुंबईतून, कोपरखैरण्याहून बोलतेय. माझं माहेर आणि सासर दोन्ही माण तालुक्यातलं. आमचे मालक तुर्भ्याच्या मार्केटात माथाडी कामगार आहेत. कांदा-बटाट्याच्या गोण्या उचलण्यात त्यांची पंचवीस वर्षं गेली. आमच्या गल्लीत सातारा-सांगलीकडची पुष्कळ घरं आहेत, त्यामुळे मुंबईच्या इतक्या जवळ राहूनही बोली गावाचीच राहिली.

आजचा विषय जरा वेगळा आहे. घरच्या घरी फोनवर बोलणं रेकॉर्ड करायचं असेल, तर खोली कशी तयार करायची? भिंतीला काय टांगायचं, काय टांगायचं नाही, आणि कशावर पैसे घालवायचे नाहीत? तुमच्यापैकी कितीतरी गट आता रेडिओसाठी बोलणं रेकॉर्ड करून पाठवतात. कुणी पाककृती सांगतं, कुणी बियाण्याची माहिती देतं, कुणी जात्यावरच्या ओव्या म्हणतं. त्या सगळ्यांसाठी हे सांगतेय.

आधी माझी चूक सांगते.

आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, १९७२च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होत्या. त्या वेळी माझे मालक जन्मलेही नव्हते. कामावर सुकडी कशी मिळायची, तान्ही पोरं कुठे निजवायची, मुकादम मोजमाप कसं करायचा, हे सगळं त्यांना तोंडपाठ होतं. मी म्हटलं, आत्याबाई, हे रेडिओसाठी सांगा. त्या आमच्याकडे आल्या होत्या तेव्हा बाहेरच्या खोलीत त्यांना खुर्चीवर बसवलं, फोन टेबलावर ठेवला आणि सुरू केलं. पाऊण तास बोलल्या. एका ठिकाणी त्यांचा आवाज दाटला. कामावर त्यांच्याबरोबर एक मैत्रीण होती, तिची ती गोष्ट होती. घरात कुणीच ती आधी ऐकलेली नव्हती.

रेकॉर्डिंग पाठवलं. दोन दिवसांनी रेडिओवरच्या ताईंचा फोन आला. म्हणाल्या, "वहिनी, आजी बोलल्यात फार छान, पण विहिरीतून बोलल्यासारखं ऐकू येतंय. निम्मे शब्द कळत नाहीत. परत करून पाठवाल का?"

परत केलं. पण मैत्रिणींनो, म्हातारं माणूस तेच दुसऱ्यांदा तसंच सांगत नाही. आत्याबाई दमल्या होत्या. मैत्रिणीची गोष्ट त्यांनी सांगितलीच नाही. मी आठवण करून दिली तर म्हणाल्या, "जाऊ दे गं, सांगितलंय ना एकदा." पुढच्या वर्षी त्या गेल्या. ती गोष्ट आता माझ्याकडे त्या विहिरीतल्या आवाजातच आहे. कानाला लावून ऐकते तेव्हा चार शब्द कळतात, दोन निसटतात.

म्हणून सांगतेय, फोन सुरू करायच्या आधी खोली तयार करा. त्याला पैसे लागत नाहीत, तासभर वेळ लागतो.

आता आवाज घुमतो म्हणजे काय होतं ते बघू. तुम्ही बोलता तेव्हा तुमचा आवाज एका वाटेने थेट फोनपर्यंत जातो. तोच आवाज भिंतीवर आपटतो, फरशीवर आपटतो, स्लॅबवर आपटतो आणि थोडा थोडा उशिरा परत फोनपर्यंत येतो. एका शब्दाची शेपूट पुढच्या शब्दावर पडते. आपण समोरासमोर बसलेलो असतो तेव्हा हे फारसं जाणवत नाही, कारण आपले दोन कान आणि मन मिळून नको ते बाजूला सारतात. फोनला ते जमत नाही. तो सगळं एकत्रच टिपतो.

जुन्या घरात हा त्रास कमी होता. शेणाने सारवलेली जमीन, कुडाच्या नाहीतर मातीच्या भिंती, वर गवताचं छप्पर, कोपऱ्यात कणगी, दांडीवर वाकळा. आता सिमेंटचा गिलावा आला, गुळगुळीत फरशी आली, वर स्लॅब आला. घर पक्कं झालं आणि आवाज परत फेकू लागलं. नव्या घरात सामान लावायच्या आधी बोललं की कसं घुमतं, ते सगळ्यांनी ऐकलेलं आहे. सामान आलं की घुमणं कमी होतं. आपल्याला तेच थोडं ठरवून करायचं आहे.

इथेच एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण दुकानात नेमकी तिथेच गल्लत होते. बाहेरचा आवाज आत येऊ न देणं हे एक काम आहे आणि आतला आवाज घुमू न देणं हे दुसरं. बाहेरचा आवाज अडवायला वजन लागतं. जाड भिंत, जड दरवाजा, फट नसलेली खिडकी. आतलं घुमणं थांबवायला मऊ, जाड, हवा आत शिरेल असं काही लागतं. वाकळ टांगून रस्त्यावरचा ट्रक थांबणार नाही. आमच्याकडे ठाणे-वाशी लोकल आहे, रात्री मार्केटच्या गाड्या आहेत, आणि आता डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून विमानंही उडायला लागलीत. त्याला माझ्याकडे एकच उपाय आहे, वेळ निवडणं. आमच्याकडे दुपारी दोन ते चार शांत असतं. पोरं शाळेत, माणसं कामावर, कुकरच्या शिट्ट्या संपलेल्या. तुमच्या गावात कदाचित पहाटे चार चांगली वेळ असेल, कोंबडा आणि पिठाची गिरणी सुरू व्हायच्या आधी. ती तुमची तुम्ही शोधा. पंखा मात्र बंदच हवा, आणि फ्रीज जवळ असेल तर तोही तेवढा वेळ बंद. चालू करायला विसरू नका.

आता घुमण्याकडे येऊ. तुम्हाला एका मास्तरांची गोष्ट सांगते, ती आपल्या वाकळीला फार लागू पडते.

अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात १८९५ साली एका नव्या इमारतीत व्याख्यानाची खोली बांधली होती. दिसायला झकास, पण शिकवलेलं कुणाला कळेना. एक शब्द बोलला की तो साडेपाच सेकंदांच्या आसपास रेंगाळायचा. तेवढ्यात पुढचे दहा-बारा शब्द येऊन पडायचे. वॉलेस सबाइन नावाच्या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बाबा, याचं काहीतरी कर. त्याने काय केलं? जवळच्या नाट्यगृहातल्या बाकांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. आधी थोड्या मांडल्या, ऑर्गनच्या नळीतून सूर वाजवला, आणि तो किती वेळ ऐकू येतो ते मोजलं. मग आणखी गाद्या, परत मोजलं. सकाळ व्हायच्या आत गाद्या परत नाट्यगृहात. असं रात्रीमागून रात्र चाललं. शेवटी गाद्यांनी खोली भरली तेव्हा साडेपाच सेकंदांचं घुमणं एका सेकंदाच्या जवळपास आलं.

त्यात एक गंमत झाली. त्याच्या मोजमापात फरक पडायला लागला. शोधता शोधता कळलं की आपण वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळे कपडे घालतो, त्या कपड्यांनीही आवाज शोषला जातोय. त्याने हजारो नोंदी बाद केल्या आणि पुढे मोजायला बसताना रोज तेच कपडे घातले. म्हणजे बघा, अंगावरच्या कपड्याने फरक पडतो, तर भिंतीवरच्या वाकळीने किती पडेल.

शोषणं मोजायला सबाइनने माप घेतलं ते उघड्या खिडकीचं. उघड्या खिडकीतून आवाज बाहेर गेला की परत येत नाही, म्हणजे ती सगळा आवाज गिळते. मग कुठलीही वस्तू घ्या आणि विचारा, ही किती फूट उघड्या खिडकीइतकी? हे माप आजही त्याच्याच नावाने वापरतात. थोड्या वेळाने आपणही त्याच मापाने आपल्या खोलीचा हिशेब करू.

आता वस्तू निवडायची कशी? मी तीन प्रश्न विचारते.

पहिला प्रश्न, फुंकर आत जाते का? आवाज म्हणजे हवेची हालचाल. ती हवा कापडाच्या, कापसाच्या बारीक धाग्यांत शिरते, घासते, तिचा जोर तिथेच जिरतो. हवा आत शिरलीच नाही तर आवाज परत फिरतो. म्हणून वस्तू तोंडाशी धरा आणि फुंकर मारा. थोड्या जोराने का होईना, फुंकर पलीकडे जायला हवी. वाकळीतून जाते, जुन्या चादरीच्या घडीतून जाते, बारदानातून जाते. थर्मोकोलमधून जात नाही. रेक्झिनमधून नाही, प्लॅस्टिकच्या चटईतून नाही, टीव्हीच्या खोक्यातून येणाऱ्या पांढऱ्या पॅकिंगमधूनही नाही. या वस्तू मऊ किंवा हलक्या दिसल्या तरी आपल्या कामाच्या नाहीत. थर्मोकोल तर पैसे देऊन मुळीच लावू नका.

दुसरा प्रश्न, जाडी किती? हा प्रश्न दुकानदार टाळतो. बांगडीचा किणकिणाट बारीक, ढोलाचा आवाज मोठा. बारीक आवाजाची लाट आखूड असते, बोटा-दोन बोटांची. जाड आवाजाची लाट लांब असते. आवाज एका सेकंदात साधारण ३४० मीटर जातो. बाईच्या बोलण्याचा मूळ सूर सेकंदाला दोनशे कंपनांच्या आसपास असतो, म्हणजे त्याची एक लाट साधारण साडेपाच फूट लांब. पुरुषाची त्याहून लांब. एक इंचाचा फोम किंवा एकेरी पडदा 'स', 'श', 'च' यांचे बारीक आवाज शोषतो. खालचं घुमणं तसंच राहतं. मग आवाज कसा येतो? वरचं धारदारपण गेलं, खालचं घुमणं उरलं. रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं.

त्यावर एक सोपी युक्ती आहे, आणि ती फुकट आहे. गुराचं दावं खुंट्याला बांधा आणि दुसरं टोक धरून हलवा. खुंट्यापाशी दावं जवळजवळ हलत नाही, लांब गेलं की जास्त हलतं. भिंतीपाशी हवेचं तसंच होतं. भिंतीला चिकटून हवा हलत नाही, म्हणून भिंतीला चिकटवलेल्या वाकळीला शोषायला फारसं काही मिळत नाही. तीच वाकळ भिंतीपासून वीतभर पुढे टांगा. आता ती हलत्या हवेत आली. तेवढ्याच कापडाने खालचा आवाजही जास्त शोषला जातो. साडेपाच फुटांच्या लाटेला सगळ्यात चांगली जागा लाटेच्या चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे भिंतीपासून जवळपास दीड फुटावर असते. छोट्या खोलीत तेवढं परवडत नाही. वीतभर अंतरानेही फरक कळतो.

म्हणूनच कपड्यांनी भरलेलं कपाट हे घरातलं सगळ्यात चांगलं साधन आहे. दीड-दोन फूट खोल, आत साड्या, शाली, ब्लँकेटं. दारं सताड उघडा आणि त्याच्याकडे तोंड करून बोला. दारं लावलेली असतील तर मात्र लोखंडाचा पत्रा, तो उलट वाजेल.

तिसरा प्रश्न, पेट घेतला तर काय? हा प्रश्न मला कुणी शिकवला नव्हता. त्या पहिल्या फजितीनंतर मी शहरात एका दुकानात गेले होते. तिथे काळा फोम दाखवला, उंचवटे-उंचवटे असलेला, स्टुडिओच्या फोटोत असतो तसा. किंमत सांगितली ती आमच्या गटाच्या दोन महिन्यांच्या बचतीइतकी. मी तर घ्यायलाच निघाले होते. माझी धाकटी बारावीला विज्ञान शिकत होती, ती म्हणाली, "आई, हा पेटणारा आहे का ते विचार." दुकानदाराला सांगता आलं नाही. घरी येऊन तिने वाचून दाखवलं, तेव्हा माझ्या अंगावर काटा आला.

२० फेब्रुवारी २००३ रोजी अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात 'द स्टेशन' नावाच्या क्लबात गाण्याचा कार्यक्रम होता. मंचामागच्या भिंतीला आवाजासाठी फोम लावला होता. आतषबाजीच्या ठिणग्या त्यावर पडल्या. बघता बघता आग पसरली, दारात चेंगराचेंगरी झाली, १०० माणसं गेली. दहा वर्षांनी, २७ जानेवारी २०१३ला, ब्राझीलमध्ये सांता मारिया शहरातल्या 'किस' क्लबात तसंच घडलं. छताचा फोम पेटला आणि २४२ जण गेले. तिथे बहुतेकांचा जीव धुराने घेतला. साधा पॉलियुरेथेन फोम जळतो तेव्हा त्यातून सायनाइडसारखा विषारी वायू निघतो. दोन श्वासांत माणूस पडतं.

आपण काही आतषबाजी करत नाही. पण आपल्या खोलीत देव्हाऱ्यात निरांजन असतं, डासांची अगरबत्ती असते, जुनी वायर असते. म्हणून गाद्यांमधला फोम किंवा स्वस्त काळा फोम भिंतीभर चिकटवू नका. आग लवकर न धरणारा फोमही मिळतो, पण त्याचा कागद दाखवा म्हणा. कागद नसेल तर घेऊ नका. आणि काडी लावून बघायचा प्रयोग घरात मुळीच करू नका.

आता खरं सांगायचं तर वाकळही पेटते. कापूस आहे, बारदान आहे, पेटणारच. म्हणून नियम असा ठेवा. टांगलेलं कापड कायमचं टांगून ठेवायचं नाही, काम झालं की उतरवून घडी घालायची. देव्हारा, चूल, शेगडी, बल्ब, स्विचबोर्ड यांपासून चार हात लांब. दाराची वाट मोकळी. अगरबत्ती विझलेली. लोकरीचं घोंगडं असेल तर ते उत्तम. लोकर लवकर पेट घेत नाही आणि आवाजही छान शोषते. आमच्या माणदेशात धनगरांकडचं घोंगडं घरोघरी असायचं, ते आता ट्रंकेत पडून असेल. काढा बाहेर.

अंड्यांच्या ट्रेंबद्दल दोन शब्द. कुठल्या तरी फोटोत बघून पुष्कळ जण भिंतभर ट्रे चिकटवतात. पुठ्ठा पातळ असतो, बारीक आवाज थोडा इकडेतिकडे होतो, बाकी घुमणं तसंच. वर तो कागदच, पेटायला सोपा, आणि झुरळांना घर. तो नको.

गटाला कायमची खोली करायची असेल, समाजमंदिरात किंवा बचत गटाच्या कार्यालयात, तर एकच विकत घ्यायची वस्तू सांगते, रॉकवूल. दगड वितळवून त्याचे धागे काढतात, त्याच्या पाट्या मिळतात. दोन इंच जाडीच्या पाट्या लाकडी चौकटीत बसवायच्या, पुढून सुती कापड ताणून शिवायचं, आणि भिंतीपासून दोन-चार इंच अंतर ठेवून लावायच्या. रॉकवूल जळत नाही. पण त्याचे धागे अंगाला खाजतात, घशात जातात. म्हणून कापताना तोंडाला मास्क, हातात मोजे, अंगभर कपडे, आणि पोरांना लांब ठेवा. उघडं कधीच ठेवायचं नाही.

आता घरातल्या खोलीचा हिशेब करू. खोली दहा बाय दहा, उंची नऊ फूट. पूर्ण रिकामी, फरशी आणि गिलाव्याची. त्यात आवाज हिशेबाने दोन सेकंदांहून जास्त रेंगाळतो. बोलणं स्वच्छ ऐकू यायला तो सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास यायला हवा. त्यासाठी साधारण १२० चौरस फूट उघड्या खिडकीइतकं शोषण लागतं. घाबरू नका. कापसाच्या गादीचा पलंग असेल तर २० आले. कपड्यांचं उघडं कपाट, १५ ते १७. दोन माणसं बसली, ती आपल्या कपड्यांसकट ८ ते १०. उरले ७५. पाच बाय सातची वाकळ भिंतीपासून वीतभर पुढे टांगली तर ती अर्धा आवाज शोषते असं धरू, म्हणजे १७ ते १८. तर अशा चार वाकळा. झाला हिशेब. हा ढोबळ आहे, पण यावरून कळतं की एका पडद्याने काम का होत नाही आणि सगळी खोली मढवायचीही गरज का नाही.

चार वाकळा कुठे टांगायच्या? दोन भिंती जिथे मिळतात तो कोपरा निवडा. कोपऱ्याच्या दोन्ही बाजूंना एक-एक वाकळ, कपडे वाळत घालायच्या दोरीवर किंवा बांबूवर. तिसरी तुमच्या पाठीमागे. ही लोक विसरतात. फोनचं तोंड तुमच्याकडे असतं, म्हणजे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून येणारं तो सरळ टिपतो. चौथी वर, डोक्यावर, मच्छरदाणी बांधतो तशी चार कोपऱ्यांना बांधून. स्लॅब खाली असतो, तिथूनही बराच आवाज परत येतो. खाली सतरंजी. टेबल असेल तर त्यावर टॉवेलची चौपदरी घडी आणि त्यावर फोन. खोलीच्या बरोब्बर मधोमध बसू नका. चौकोनी खोलीत काही सूर मधोमध विचित्र होतात, कुठला फुगतो तर कुठला हरवतो. थोडं बाजूला सरका.

आणि सगळ्यात स्वस्त उपाय, फोन तोंडापासून एक वीत. हातभर लांब ठेवला की थेट आवाज कमी पडतो आणि खोलीचा आवाज वरचढ होतो. मी आत्याबाईंचा फोन चार हातांवर ठेवला होता. फोन जवळ आणला की 'प' आणि 'फ' ला फडफड होते, म्हणून तो तोंडासमोर न धरता जरा बाजूला धरा, गालाच्या रेषेत.

झाल्यावर टाळी वाजवा. टाळीनंतर 'झण्ण' असं काही उरतं का ते ऐका. नुसतं टप् झालं की खोली तयार. मग अर्धा मिनिट काहीही बोला आणि कानात हेडफोन घालून ऐका. कानाला लागलं की एखादी वाकळ इकडची तिकडे करा. पाहुण्या आजींना बोलवायच्या आधी हे सगळं उरकून ठेवा. त्यांच्यासमोर दोऱ्या बांधत बसू नका, त्यांचा सूर जातो.

उलटं टोकही सांगते. लंडनला बीबीसीने १९२३ साली सॅव्हॉय हिल इथे स्टुडिओ थाटले, तेव्हा भिंतींवर कापडाचे थरावर थर टांगले होते. घुमणं गेलं, पण वाजवणाऱ्यांना आपलाच सूर ऐकू येईना, जीव गुदमरायला लागला. आपल्याकडे ओव्या म्हणताना हेच होतं. बोलण्याला चार वाकळा लागल्या तर गाण्याला दोन पुरतात. गळ्याला थोडी साथ भिंतीची हवी असते.

पावसाळ्याचं बघा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंती घाम गाळतात. ओल्या भिंतीला टेकलेल्या वाकळीला बुरशी धरते, वास येतो, दम्याच्या माणसाला त्रास होतो. हेही एक कारण अंतर ठेवून टांगायचं आणि काम झालं की उतरवायचं. ऊन पडलं की गच्चीवर दोन्ही बाजूंनी वाळवा. बारदान वापरणार असाल तर नवं किंवा धान्याचं घ्या, खताचं आणि औषधाचं नको. आमच्या मार्केटाजवळ वापरलेलं बारदान मिळतं. उन्हात झटकून दोन-तीन पदर एकत्र शिवले की बरं काम देतं, पण त्याची भुसी उडते, म्हणून वर जुनी सुती साडी शिवा.

गावाकडच्या मैत्रिणींनो, तुमच्याकडे आमच्यापेक्षा चांगल्या जागा आहेत. कडब्याच्या गंजीच्या आडोशाला उभं राहून बोलून बघा, घुमणं शून्य. धान्याच्या पोत्यांची खोली, कापूस साठवलेली खोली, तिथे तर काही टांगायलाच नको. पत्र्याची खोली मात्र टाळा. पाऊस आला की संपलं, आणि ऊन चढलं की पत्रा टकटक वाजतो.

बाया रेडिओ चालवू शकतात का, हा प्रश्न आता उरलेला नाही. आमच्या माण तालुक्यात म्हसवडला २००८ पासून माणदेशी तरंग वाहिनी चालते. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला तेलंगणात झहीराबादजवळ संगम रेडिओ सुरू झाला. तो गावातल्या दलित शेतकरी बायकांनी चालवून दाखवला. रेडिओपर्यंत आवाज पोचवायची सोय झालीय. आता आपला आवाज नीट पोचतो का, एवढंच बघायचं राहिलंय.

तर या आठवड्यात एक करा. गटाची बैठक असेल त्या खोलीत सगळ्यांनी मिळून एक टाळी वाजवा आणि ऐका. मग घरोघरून एक-एक वाकळ आणा, टांगा, परत टाळी वाजवा. फरक तुमचा तुम्हाला कळेल. फोमसाठी गटातून कर्ज काढायचा विचार असेल तर तो त्या दिवसापर्यंत थांबवा.

आणि गावातली सगळ्यात म्हातारी बाई कोण, ते ठरवा. तिच्याकडे जायच्या आदल्या दिवशी वाकळा टांगून बघा. आमच्या आत्याबाईंच्या मैत्रिणीचं नावसुद्धा त्या रेकॉर्डिंगमध्ये मला नीट ऐकू येत नाही. सखू असावं, किंवा ठकू.